वळणाआधी ब्रेक लावताना शर्यतपटू पाय का सोडतात: नवख्यांसाठी मार्गदर्शन

मोटोजीपीची, म्हणजे मोटारसायकलींच्या सर्वोच्च जागतिक मालिकेतली, शर्यत पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक दृश्य हमखास खटकते. ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने आलेला शर्यतपटू वळणाआधी जोरात ब्रेक लावतो आणि त्याच क्षणी वळणाच्या आतल्या बाजूचा पाय फूटपेगवरून (पाऊल ठेवण्याच्या खुंटीवरून) काढून वाऱ्यात लोंबकळत सोडतो. गाडी झुकण्याच्या बेतात आली की तो पाय मुकाट्याने जागेवर परत जातो. ज्या क्षणी शरीर गाडीला घट्ट धरून असायला हवे, नेमक्या त्याच क्षणी एक पाय मोकळा सोडणे अडाणीपणाचे वाटते आणि तरीही जगातले सर्वांत वेगवान शर्यतपटू तेच करतात. हे दृश्य समजून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणि ट्रॅकवर नव्याने गाडी चालवू लागलेल्यांसाठी हा लेख क्रमाक्रमाने लिहिला आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: लोंबणारा पाय समजून घ्यायचा असेल, तर आधी दुसऱ्या पायाकडे पाहावे लागते.

पहिली पायरी: नेमके काय पाहत आहोत, हे ओळखा

पाय बाहेर काढण्याचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की सगळी चर्चा भरकटते. मोटोक्रॉस (मातीच्या उंचसखल ट्रॅकवरची शर्यत) आणि सुपरमोटो (थोडा डांबरी, थोडा मातीचा ट्रॅक) यांमध्ये आतला पाय सरळ करून पुढच्या चाकाच्या दिशेने काढला जातो आणि तो वळण संपेपर्यंत बाहेरच राहतो. तिथे पकड कमी असते, गाडी अचानक घसरते आणि जमिनीवर पाय टेकवून तिला सावरण्याची वेळ येऊ शकते. मातीच्या सपाट, लंबगोल मार्गावरच्या फ्लॅट ट्रॅक शर्यतीत तर डाव्या बुटाला पोलादी तळ बांधलेला असतो, कारण सतत डावीकडे वळताना तो पाय मातीवर घासत न्यायचा असतो. डांबरी ट्रॅकवर वळणात गुडघा टेकतो तो आणखी वेगळा प्रकार. त्या वेळी पाऊल फूटपेगवरच असते आणि गुडघ्यावरचा स्लायडर, म्हणजे घासायची कडक गादी, गाडी किती झुकली आहे याचा अंदाज देतो. युरोपातल्या काही देशांत वाट देणाऱ्या मोटारचालकाचे आभारही दुचाकीस्वार पाय बाजूला काढून मानतात, तो भाग निराळाच.

आपण ज्याविषयी बोलत आहोत तो पाय यांपैकी कोणतेच काम करत नाही. तो फक्त सरळ मार्गावरच्या ब्रेकिंगच्या काळात बाहेर असतो, जमिनीला टेकत नाही आणि गाडी खऱ्या अर्थाने झुकण्याआधी परत येतो. ही लकब रूढ करण्याचे श्रेय साधारणपणे इटलीचा विश्वविजेता शर्यतपटू व्हॅलेंटिनो रॉसी याला दिले जाते. २००५च्या सुमारास ती त्याच्या शैलीचा भाग म्हणून नजरेत भरू लागली आणि पुढच्या काही वर्षांत इतरांनीही उचलली. आज मोटो३ या सर्वांत छोट्या गाड्यांच्या गटातल्या कोवळ्या मुलांपासून मोटोजीपीतल्या विजेत्यांपर्यंत बहुतेकांमध्ये ती दिसते. असे का करता, असे त्यांना विचारले, तर उत्तर सहसा ‘तसे केल्याने बरे वाटते’ याच्या पुढे जात नाही. हे उत्तर वाटते तितके पोकळ नाही, हे पुढे दिसेल.

दुसरी पायरी: ब्रेकिंगच्या त्या चार-पाच सेकंदांचे गणित मांडा

ताशी ३०० किलोमीटरवरून १०० वर यायचे आहे आणि मंदन सरासरी १.२ जी आहे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सव्वापट असलेल्या जोराने वेग कमी होत आहे, असे धरू. हे काम साधारण पावणेपाच सेकंदांत होते आणि तेवढ्या काळात गाडी सुमारे २६० मीटर अंतर कापते. शर्यतपटूचे वजन ६५ किलो असेल, तर या काळात त्याचे शरीर जवळपास ७८ किलोच्या जोराने पुढे फेकले जात असते. स्वतःच्या वजनाहून जास्त ओझे कोणीतरी पाठीमागून ढकलत आहे आणि ते पाच सेकंद थोपवून धरायचे आहे, अशी कल्पना केली की चित्र स्पष्ट होते.

आता हे ओझे कशावर थोपवले जाते, हा खरा प्रश्न आहे. शर्यतीच्या गाडीचे फूटपेग बरेच मागे आणि उंच बसवलेले असतात. त्यांच्यावर पाऊल ठेवून खाली दाब देता येतो. परंतु पुढे जाणारे शरीर मागे ढकलायचे असेल, तर पावलासमोर टेकू लागतो आणि तसा टेकू तिथे नसतो. म्हणजे ब्रेकिंगच्या वेळी फूटपेग फारसा उपयोगाचा नसतो. शरीर अडते ते पेट्रोलच्या टाकीवर दाबलेल्या मांड्यांमुळे आणि हँडलवर टेकलेल्या हातांमुळे. हातांवर भार जितका कमी तितके चांगले, कारण ताठ हातांतून तो भार थेट पुढच्या चाकाच्या दिशेवर येतो आणि त्या चाकाची कुरबुर हातांना जाणवेनाशी होते. म्हणून खरे काम मांड्यांचे, असे म्हणावे लागते.

तेही दोन्ही मांड्यांचे नाही. ब्रेक लावण्याआधीच, किंवा लावता लावता, शर्यतपटूने आपले बूड वळणाच्या आतल्या बाजूला सरकवलेले असते, जेणेकरून झुकण्याच्या नाजूक क्षणी शरीराची हलवाहलव करावी लागू नये. बूड आत सरकले की आतला गुडघा उघडतो आणि ती मांडी टाकीपासून सुटते. बाहेरची मांडी मात्र टाकीच्या खोलगट कडेवर आडवी येते आणि पाचरीसारखी बसते. सगळा भार आता तिच्यावर असतो. आतल्या पायाला टाकी नाही आणि फूटपेगचा आधार नावापुरताच आहे. लोंबणारा पाय हा असा बेकार झालेला पाय असतो. तो बाहेर निघतो यात आश्चर्य नाही. पूर्वीचे शर्यतपटू तो सवयीने जागेवर ठेवत होते, याचेच कधीकधी आश्चर्य वाटते.

तिसरी पायरी: प्रचलित स्पष्टीकरणे तपासून घ्या

सर्वांत जास्त ऐकू येणारे स्पष्टीकरण गुरुत्वमध्याचे, म्हणजे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूचे, आहे. पाय खाली गेला की गाडी आणि स्वार यांचा मिळून होणारा गुरुत्वमध्य खाली येतो, त्यामुळे मागचे चाक उचलण्याची प्रवृत्ती घटते आणि ब्रेक अधिक जोरात लावता येतो, असे हे स्पष्टीकरण सांगते. तत्त्व बरोबर आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण एकषष्ठांश भरतो. बूट धरून तो ११ किलो समजू. मोटोजीपीच्या १००० सीसी गाडीचे किमान वजन अनेक वर्षे १५७ किलो राहिले आहे. त्यात स्वार, त्याचा पोशाख आणि थोडे इंधन मिळवले, की एकूण २३५ किलोच्या आसपास जाते. पायाचा मध्यबिंदू २० सेंटिमीटर खाली आला, तर संपूर्ण गुरुत्वमध्य जेमतेम ९ मिलिमीटर खाली येईल. गुरुत्वमध्याची उंची ६५ सेंटिमीटर धरली, तर हा फरक सुमारे दीड टक्क्याचा आहे.

दीड टक्का हसण्यावारी नेऊ नये. २६० मीटरच्या ब्रेकिंगमध्ये तेवढ्याने साडेतीन मीटरच्या आसपास फरक पडू शकतो आणि ते अंतर एका गाडीच्या लांबीहून जास्त आहे. मात्र त्यासाठी संपूर्ण ब्रेकिंग मागचे चाक उचलण्याच्या सीमारेषेवर चाललेले असावे लागते आणि पाय अगदी सरळ खाली जावा लागतो. प्रत्यक्षात तो बहुधा थोडा पुढेही जातो आणि पुढे गेलेले वजन मागच्या चाकाला हलकेच करते. गुरुत्वमध्य पुढच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपासून ७० सेंटिमीटर मागे आहे असे धरून हिशेब केला, तर पाय २० सेंटिमीटर खाली जाऊन मिळवलेला सगळा फायदा तो साधारण तितकाच पुढे गेल्यावर पुसला जातो. पडद्यावर दिसणारे पाय पाहिले की हा फायदा बऱ्याचदा अर्धवटच पदरात पडत असावा असे वाटते. मोटो३ मध्ये गाडी आणि स्वार मिळून किमान वजन १५२ किलो असते, म्हणून तिथे त्याच पायाचा परिणाम दीडपट होतो, एवढे मात्र मान्य करावे लागेल.

दुसरे स्पष्टीकरण वाऱ्याचे आहे. पाय म्हणजे छोटासा हवाई ब्रेक, असे म्हटले जाते. ताशी ३०० किलोमीटरला बाहेर काढलेल्या पायावर हवेचा जोर ढोबळमानाने वीस ते तीस किलोच्या ओझ्याइतका भरतो, म्हणजे त्या क्षणी तो काहीतरी मदत नक्की करतो. परंतु हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग निम्मा झाला की जोर एक चतुर्थांश उरतो. ब्रेकिंगच्या उत्तरार्धात ही मदत नाममात्र असते आणि ताठ बसलेल्या स्वाराची छाती त्याहून कितीतरी अधिक हवा अडवत असते. शिवाय कमी वेगाच्या वळणांआधीही पाय निघतोच, तेव्हा वारा हे मुख्य कारण असू शकत नाही.

या दोन स्पष्टीकरणांची गाठ एका गमतीदार ठिकाणी पडते. मंदनामुळे मोकळा पाय पुढे झोके घेऊ पाहतो आणि वारा त्याला मागे रेटतो. वेग जास्त असताना वाऱ्याची सरशी होते, वेग उतरला की जडत्वाची. म्हणूनच पाय सुरुवातीला मागे किंवा बाजूला फडफडतो आणि वळण जवळ येईल तसा पुढे येऊ पाहतो. स्लो मोशन चित्रीकरणात ही हालचाल शोधून पाहण्यासारखी असते.

तिसरे स्पष्टीकरण मला अधिक वजनदार वाटते आणि ते बाजूच्या तोलाचे आहे. पायाचा मध्यबिंदू २५ सेंटिमीटर आतल्या बाजूला गेला, तर एकूण गुरुत्वमध्य सुमारे १२ मिलिमीटर सरकतो. ६५ सेंटिमीटर उंचीशी तुलना केली, तर हे साधारण एका अंशाच्या झुकण्याएवढे आहे. साठ अंशांहून जास्त झुकणाऱ्या गाडीसाठी एक अंश म्हणजे काहीच नाही. परंतु हा अंश अशा वेळी मिळतो जेव्हा गाडी अजून सरळ उभी असते आणि मागचे चाक जेमतेम जमिनीला शिवत असते. तारेवर चालणारा डोंबारी हातातली काठी ज्या कामासाठी वापरतो, साधारण तेच काम हा पाय करतो: तोल किंचित आधी हलवणे आणि चुकला तर किंचित परत आणणे. मागचे चाक डावी-उजवीकडे भरकटत असताना अशा मोकळ्या वजनाचा स्वाराला दिलासा वाटत असणार.

प्रतिस्पर्ध्याला आतून घुसू न देण्यासाठी पाय काढतात, असेही म्हणतात. मागे कोणीच नसताना, अगदी पात्रता फेरीतल्या एकाकी फेरीतही तो निघतो. त्यामुळे या तर्काचा अधिक विचार करण्याची गरज नाही.

राहते ते ‘बरे वाटते’ हे उत्तर. पाय सोडला की कंबर आतल्या बाजूला वळते, बाहेरची मांडी टाकीत आणखी घट्ट रुतते, खांदे सैल पडतात आणि हातांवरचा भार उतरतो. माझ्या मते मुख्य लाभ हाच आहे आणि गुरुत्वमध्य, वारा, तोल हे त्याच्यावरचे वरकड फायदे आहेत. शर्यतपटूला आकडे सांगता येत नाहीत. पण पुढचे चाक काय बोलते आहे ते त्याला अधिक स्पष्ट ऐकू येते आणि त्यालाच तो बरे वाटणे म्हणतो.

चौथी पायरी: पावलांची इतर कामे विसरू नका

उजवे पाऊल मागचा ब्रेक चालवते आणि डावे पाऊल गिअर. उजव्या वळणाआधी उजवा पाय लोंबत असेल, तर मागचा ब्रेक पावलाने लावता येणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच अनेक शर्यतपटूंच्या गाडीवर डाव्या हँडलपाशी मागच्या ब्रेकची वेगळी खटकी असते, जी अंगठ्याने किंवा बोटाने चालवता येते. ही सोय प्रसिद्ध झाली ती ऑस्ट्रेलियाचा शर्यतपटू मिक डूहान याच्यामुळे. १९९२ साली नेदरलँड्समधील असेन येथील अपघातात त्याच्या उजव्या पायाला गंभीर इजा झाली, त्यानंतर त्याने अंगठ्याचा ब्रेक वापरला आणि १९९४ ते १९९८ अशी सलग पाच विश्वविजेतेपदे मिळवली. त्याची सोय नाइलाजातून आलेली होती. आज ती सर्रास वापरली जाते.

डाव्या वळणाआधीची अडचण वेगळी आहे, कारण तिथे ब्रेक लावता लावता चार-पाच गिअर उतरवायचे असतात आणि त्यासाठी डावे पाऊल जागेवर लागते. डावा पाय कधी निघतो आणि गिअर उतरवण्यासाठी कधी परत येतो, हे नवख्या प्रेक्षकाने मुद्दाम पाहावे. कोणता शर्यतपटू किती घाईत आहे, हे त्यातून बरेच कळते.

पाचवी पायरी: स्वतः करून पाहण्याआधी

रस्त्यावर हा प्रयोग अजिबात करू नये. तिथे इतका जोरात ब्रेक लावण्याची वेळ फक्त संकटात येते आणि संकटात दोन्ही पावले जागेवर हवीत. ट्रॅकवरही पहिल्या काही दिवसांत पायाचा विचार करू नये. तो आपोआप निघण्याजोगी बैठक तयार करण्यावर लक्ष द्यावे.

सुरुवात उभ्या गाडीवर करावी. गाडी मागच्या स्टँडवर भक्कम उभी करून एका मदतनिसाला पुढून धरायला सांगावे. बूड अर्धे आतल्या बाजूला सरकवावे, बाहेरची मांडी टाकीवर दाबावी, पोट आणि कंबर आवळून पुढे झुकावे आणि मग दोन्ही हात हँडलवरून किंचित उचलून पाहावेत. शरीर जागेवर राहिले, तर मांडी काम करते आहे. हात उचलताच छाती टाकीवर आदळली, तर अजून सराव बाकी आहे. टाकी गुळगुळीत असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंना रबरी पकडपट्ट्या चिकटवाव्यात. त्यांनी पडणारा फरक पहिल्याच फेरीत जाणवतो.

त्यानंतर ट्रॅकवर, आपल्या नेहमीच्या वेगाच्या निम्म्या-पाऊण वेगाने, एकच मोठे वळण निवडावे. ब्रेक लावण्याच्या खुणेच्या आधीच बूड सरकवावे आणि मगच ब्रेक दाबावा. दोन्ही एकाच वेळी केले, तर सरकण्याच्या धक्क्याने हँडल हलते. ब्रेक एकदम न आवळता आधी हलका दाब देऊन पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) दबू द्यावा आणि मग जोर वाढवावा. हे अंगवळणी पडले, की ब्रेकिंगच्या मध्यावर आतल्या पावलावरचा भार फक्त काढून घ्यावा. पाऊल फूटपेगवरच राहू द्यावे, पण त्यावर काहीही टेकवू नये. असे करताना हात ताठ झाले किंवा गाडीची रेषा बदलली, तर आपण अजून त्या पावलावर विसंबून आहोत हे समजावे आणि आणखी काही फेऱ्या तशाच कराव्यात.

भार काढूनही गाडी निश्चल राहू लागली, तर पाऊल दोन-चार सेंटिमीटर उचलून पाहायला हरकत नाही. मुद्दाम लाथ मारल्यासारखा पाय फेकू नये, कारण ११ किलोचे वजन झटक्याने फेकले, की गाडीला विरुद्ध दिशेला धक्का बसतो आणि तेही मागचे चाक हलके असताना.

खरा धोका पाय काढण्यात नसतो, तो परत ठेवण्यात असतो. उजवे पाऊल घाईने परत आणताना बुटाचा पुढचा भाग मागच्या ब्रेकवर पडला, तर आधीच हलके झालेले चाक क्षणात जाम होते. डावे पाऊल गिअरच्या खटक्यावर वरून पडले, तर नेहमीच्या गाडीत नको असताना एक गिअर उतरतो आणि मागचे चाक उड्या मारू लागते. शर्यतीच्या उलट्या रचनेत गिअर वाढतो आणि इंजिनाचा रोध अचानक सुटतो. त्यामुळे पावलाचा चवडा थेट फूटपेगवर ठेवण्याची सवय करावी, खटके बुटाच्या मानाने नीट जुळवून घ्यावेत आणि पाऊल गाडी झुकण्याआधी परत आलेले असावे. गाडी झुकल्यावर उशिरा परतणारे पाऊल डांबराला लागू शकते आणि त्या वेगात लागलेले पाऊल मागे फेकले जाऊन घोटा पिरगळतो. हँडल दाबून गाडी झुकवण्याची वेळ आणि पाऊल फूटपेगवर टेकण्याची वेळ यांच्यात एका श्वासाचे अंतर ठेवावे.

आपले जमते आहे की नाही, हे स्वतःला कळणे कठीण असते. गाडीच्या मागच्या भागावर, पुढे तोंड करून एक छोटा कॅमेरा बसवावा आणि ट्रॅकवरून परतल्यावर बाहेरच्या बाजूचा गुडघा पाहावा. ब्रेकिंगच्या काळात कधीही तो गुडघा आणि टाकी यांच्यामध्ये उजेड दिसत असेल, तर आतले पाऊल फूटपेगवरच राहू द्यावे.